वेल्डला तडा गेलाय, सीझन निघेल का?

जानेवारीचा मध्य. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, गव्हाण रिकामी ठेवायची सोय नाही, आणि अनलोडर क्रेनच्या गर्डरवर कुणाला तरी तडा दिसतो. साखर कारखान्यात अशा वेळी एकच प्रश्न विचारला जातो: "सीझन निघेल का?" नवा इंजिनिअर एक तर घाबरून क्रेन बंद करायला सांगतो, नाही तर वरच्यांचा चेहरा बघून "काही होत नाही" म्हणतो. या दोन्हींच्या मधलं, आकड्यावर उभं राहणारं उत्तर काढता येतं. ते कसं काढायचं, हे पहिल्यांदाच हा हिशेब मांडणाऱ्यासाठी लिहितो आहे. सूत्र दहा मिनिटांत सुटतं. त्यात भरायचे आकडे गोळा करायला आठवडा लागतो, आणि खरं काम तेच आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. प्लेट गर्डर, खालचा फ्लँज (गर्डरची आडवी पट्टी) ३०० मिमी रुंद आणि २० मिमी जाड. फ्लँजच्या कडेला कुणीतरी केबलसाठी छोटा ब्रॅकेट वेल्ड करून ठेवलाय. त्या ब्रॅकेटच्या टोकाशी, वेल्ड संपतो तिथून, तडा कडेपासून आत फ्लँजमध्ये शिरलाय. उदाहरण बेतलेलं आहे, पण ब्रॅकेट मी मुद्दाम निवडला. मुख्य जोड सगळे तपासतात. असला किरकोळ तुकडा कुणी ड्रॉइंगवरही दाखवत नाही, आणि तडा तिथूनच निघतो. उत्तर समुद्रातला 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता प्लॅटफॉर्म २७ मार्च १९८० रोजी उलटला, २१२ पैकी १२३ माणसं गेली. सुरुवात झाली होती एका ब्रेसवर हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारं यंत्र) बसवायच्या आधारापासून, त्याच्या ६ मिमीच्या फिलेट (कोपऱ्यातल्या) वेल्डमधून.

हिशेब करायची परवानगी आहे का?

वहीत आकडे लिहिण्याआधी हे ठरवा. तडा फ्लँज ओलांडून वेबमध्ये (गर्डरच्या मधल्या उभ्या प्लेटमध्ये) शिरला असेल, एका शिफ्टमध्ये डोळ्यांना दिसेल इतका वाढत असेल, किंवा तो भाग तुटला तर भार घ्यायला दुसरं काहीच नसेल आणि खाली माणसांची ये-जा असेल, तर क्रेन थांबवा. तिथे उरलेल्या आयुष्याचा हिशेब मांडत बसू नये. कायद्याप्रमाणे उचल-यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा कसून तपासणी व्हावी लागते. तुमचा हिशेब त्या तपासणीची जागा घेत नाही. उलट तडा सापडला हे त्या व्यक्तीला लगेच कळवायचं असतं.

दुसरं, तडा थकव्याचाच आहे ना? ज्याला आपण फटीग म्हणतो तो तडा बहुधा वेल्डच्या टोपासून (वेल्ड प्लेटला मिळतो त्या कडेपासून) निघतो, मुख्य ताणाला काटकोनात जातो आणि आजूबाजूचं पोलाद वाकलेलं नसतं. रंगावर केसासारखी रेघ आणि तिच्यातून उतरलेला तांबूस गंजाचा ओघळ, ही त्याची ओळख. वेल्डच्या मध्यातून लांबीच्या दिशेने गेलेला तडा बहुतेकदा बनवतानाचा असतो. प्लेट वाकली असेल तर कुठेतरी ठोकर बसली आहे. या दोन्हींचं गणित वेगळं, खालचं सूत्र तिथे लावू नका.

आणि या टप्प्यावर वेल्डर हमखास म्हणणार, "साहेब, वरून एक रन मारून टाकतो." मारू देऊ नका. तडा खालीच राहतो, फक्त दिसेनासा होतो. नव्या वेल्डचा आकसण्याचा ताण त्यावर चढतो आणि मोजायला काहीच उरत नाही.

तडा मोजणं

रंग काढल्याशिवाय मोजलेली लांबी ही रंगाला गेलेल्या तड्याची लांबी असते. रंग लवचिक असतो, टोकाकडचा बारीक तडा त्याच्याखाली लपतो. रंग रसायनाने काढा. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टने काढलात तर पोलाद पसरून तड्याचं तोंड बंद होतं आणि डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा लाल द्रव) आत शिरत नाही. या डाय पेनिट्रंट, म्हणजे डीपी टेस्टला घाई चालत नाही. पेनिट्रंट लावून डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा, जादा पेनिट्रंट पुसताना क्लीनर थेट फवारू नका, कापडावर घेऊन पुसा, मग डेव्हलपर (आतला रंग वर ओढणारा पांढरा थर). लाल रेघ जिथे संपते त्याच्याही पुढे तडा असू शकतो, म्हणून टोकाशी एमपीआय (चुंबकीय कणांनी तपासणी) करून घ्या. पोलाद चुंबकीय आहे, त्यामुळे ही सोय आपल्याला आहे.

फ्लँज वरून आणि खालून, दोन्हीकडून बघा. वरून १० मिमी आणि खालून १४ मिमी असं सर्रास निघतं. मोठा आकडा धरायचा, सरासरी नाही. खालून काहीच दिसत नसेल तर तडा अजून आरपार गेलेला नाही. मग खोली अल्ट्रासॉनिकने काढावी लागते आणि गणितही अर्धलंबवर्तुळी तड्याचं करावं लागतं. शिवाय वेल्डच्या टोपाशी ताण एकवटतो, त्याची वेगळी दुरुस्ती तिथे धरायची असते. एक-दोन मिमी खोल तड्याला ती मोठी असते. आपल्या उदाहरणातला आरपार तडा टोपापासून बराच पुढे गेलाय, म्हणून ती सोडून दिली आहे.

टोकाची खूण पंचने करू नका. तड्याच्या तोंडाशी पोलादात खड्डा पाडून आपण त्याला पुढची वाट दाखवतो. पेंट मार्करने, टोकापासून थोडं बाजूला, तारखेसह खूण करा आणि स्टीलची पट्टी शेजारी धरून फोटो काढा. पुढच्या वेळी तुलना याच फोटोशी होणार आहे.

ताणाचा पल्ला

इथेच बहुतेक हिशेब फसतात. तडा वाढतो तो ताण किती आहे यावर नाही, तो किती वर-खाली होतो यावर. क्रेनची रिकामी ट्रॉली (गर्डरवरून सरकणारा गाडा) टोकाला असतानाचा ताण आणि भरलेला ग्रॅब (ऊस उचलणारा पंजा) गर्डरच्या मध्यावर असतानाचा ताण, यांतला फरक म्हणजे पल्ला. गर्डरच्या स्वतःच्या वजनाचा ताण कायमचा असतो, तो पल्ल्यात येत नाही. आणि एक गोष्ट नव्यांना पटायला वेळ लागतो: वेल्ड केलेल्या रचनेत पल्ल्याचा दाबाकडचा भागसुद्धा धरायचा. वेल्डजवळ आकसण्यामुळे पोलाद आधीच यील्डच्या (कायमचं ताणलं जाण्याच्या हद्दीच्या) आसपास खेचलेलं असतं. बाहेरून दाब आला तरी तड्याचं तोंड उघडंच असतं.

ड्रॉइंगवरचे आकडे घेऊन आपल्या गर्डरला, समजा, ६० मेगापास्कल पल्ला येतो. त्यावर विश्वास ठेवायचा का? डिझाइनमध्ये भार म्हणजे पाटीवर लिहिलेली क्षमता. यार्डात ग्रॅबमध्ये ऊस किती भरला जातो हे ऑपरेटर ठरवतो. शिवाय रेलची ओळ बिघडली असेल तर क्रेन तिरकी चालते, गर्डर आडवाही वाकतो आणि तो आडवा ताण सगळ्यात जास्त फ्लँजच्या कडेलाच येतो. आपला तडा नेमका कडेला आहे. कागदावरचे ६० प्रत्यक्षात ९० निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

त्यामुळे जमेल तर स्ट्रेन गेज (पोलाद किती ताणलं जातं ते मोजणारी छोटी पट्टी) लावा. तड्याजवळ किंवा ब्रॅकेटच्या वेल्डजवळ नको, तिथलं वाचन स्थानिक गडबड दाखवतं. त्याच पट्ट्यात पण ब्रॅकेटपासून मोकळ्या जागी, फ्लँजच्या दोन्ही कडांना एकेक गेज. ३०० मायक्रोस्ट्रेनचा (लांबीत दहा लाखांत ३०० भागांचा) फरक म्हणजे सुमारे ६० मेगापास्कल. दोन कडांची वाचनं वेगळी आली तर आडवं वाकणं आहे, आणि रेल तपासायला घ्यायचं कारणही तिथेच मिळालं. नोंद किमान पूर्ण चोवीस तासांची हवी. रात्रपाळीची क्रेन दिवसपाळीसारखी चालत नाही.

नोंदीतले चढउतार 'रेनफ्लो' पद्धतीने मोजतात, जी जपानमध्ये मात्सुइशी आणि एंदो यांनी १९६८ साली मांडली. आज ती कुठल्याही डेटा लॉगरच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. मग वेगवेगळ्या पल्ल्यांचा एक समतुल्य पल्ला काढायचा, पण साधी सरासरी नको. प्रत्येक पल्ल्याचा घन करा, घनांची सरासरी घ्या आणि तिचं घनमूळ काढा. दिवसात १०० उचली ९० मेगापास्कलच्या आणि २६० उचली ५० च्या असतील, तर साधी सरासरी ६१ येते, घनाची ६६. फरक पाचाचा दिसतो, पण साध्या सरासरीवर गेलात तर तडा वाढण्याचा वेग सुमारे बावीस टक्क्यांनी कमी धरला जातो.

किती लांबीपर्यंत वाढू द्यायचा

या आकड्यावर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात, आणि आयुष्याच्या हिशेबात त्याचा वाटा सगळ्यात कमी असतो. तरी तो काढावा लागतो, कारण त्या लांबीपलीकडे तडा हळूहळू वाढत नाही, एकदम फाटतो.

पोलादाचा चिवटपणा, म्हणजे तडा असताना एकदम न फाटण्याची ताकद, माहीत हवा. टेस्ट सर्टिफिकेट शोधा. आयएस २०६२ या पोलादाच्या भारतीय मानकात 'ए' दर्जाला इम्पॅक्ट टेस्टची सक्ती नाही, 'बी-शून्य' दर्जाची शून्य अंशाला आणि 'सी' दर्जाची उणे २० अंशांना चाचणी होते. चार्पी (त्या इम्पॅक्ट टेस्टचा आकडा) २७ जूल असेल तर बीएस ७९१० या दोष-तपासणीच्या ब्रिटिश मानकातल्या सावध सूत्राने २० मिमी जाडीला चिवटपणा सुमारे ६५ येतो (मेगापास्कल गुणिले √मीटर या एककात). गर्डरवरचा सर्वाधिक एकूण ताण, स्वतःच्या वजनासकट, १३० मेगापास्कल धरला तर ६० मिमी तड्याच्या टोकाशी चिवटपणाची मागणी (पुढे दिलेल्या ताण-तीव्रतेच्या सूत्राने, लांबी मीटरमध्ये घेऊन) ६३ होते, म्हणजे काठावर. ४० मिमीला ती ५२ होते. वेल्डचा उरलेला ताण यात धरलेला नाही, म्हणून मी ४० वर थांबतो. रीतसर काम असेल तर बीएस ७९१० चा किंवा एपीआय ५७९ या अमेरिकन मानकाचा फेल्युअर असेसमेंट डायग्रॅम काढून उरलेला छेद यील्ड होतो का तेही बघतात.

सर्टिफिकेट नसेल किंवा दर्जा 'ए' असेल तर २७ जूल गृहीत धरू नका. निफाड-नाशिक पट्ट्यात थंडीत पहाटे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, आणि पोलाद गार झालं की त्याचा चिवटपणा घटतो. अशा गर्डरवर पहाटेची पहिली उचल हलक्या भाराची ठेवायला सांगणं ही साधी खबरदारी आहे.

गणित

पॉल पॅरिस यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला नियम असा: एका सायकलमागे (भार एकदा चढून उतरला की एक सायकल, इथे एक उचल) तडा जितका वाढतो, ती वाढ तड्याच्या टोकाशी असलेल्या ताण-तीव्रतेच्या पल्ल्याच्या घाताच्या प्रमाणात असते. वेल्ड केलेल्या पोलादाला हा घात ३ धरतात. ताण-तीव्रतेचा पल्ला म्हणजे, कडेच्या तड्यासाठी,

१.१२ × ताणाचा पल्ला × √(३.१४ × तड्याची लांबी)

आणि बीएस ७९१० मधला सोपा नियम (न्यूटन आणि मिलिमीटर एककांत, कोरड्या हवेतलं पोलाद) म्हणतो,

एका सायकलची वाढ = ५.२१ × १०^(−१३) × (ताण-तीव्रतेचा पल्ला)³

हा गुणक सरासरी नाही, मुद्दाम वरचा, सावध धरलेला आहे. समुद्राच्या पाण्यात भिजणाऱ्या पोलादाला ५.२१ ऐवजी २३ घ्यायचे, म्हणजे वेग चौपटीहून जास्त. कोकणच्या किनाऱ्यावरच्या जेट्टीचं काम असेल तर हे विसरू नका.

१.१२ हा आकडा तडा मोठा होत जाईल तसा थोडा वाढतो. फ्लँजला वेब धरून ठेवतं आणि आपण ४० मिमीलाच थांबतोय, म्हणून तो स्थिर ठेवला. मग बेरीज एका ओळीत सुटते:

सायकली = [२ ÷ (गुणक × प³)] × (१/√सुरुवातीची लांबी − १/√शेवटची लांबी)

इथे प = १.१२ × ताणाचा पल्ला × √३.१४.

पल्ला ६०, तडा १० पासून ४० मिमीपर्यंत. प येतो ११९, चौकटी कंसातला भाग सुमारे २२.७ लाख, गोल कंस ०.१५८. उत्तर ३ लाख ५९ हजार सायकली. तासाला १५ उचली, चोवीस तास, म्हणजे दिवसाला ३६०. सुमारे १००० दिवस. दीडशे दिवसांचा सीझन धरला तर साडेसहा सीझन.

हे उत्तर घेऊन लगेच चीफ इंजिनिअरच्या केबिनमध्ये जाऊ नका. आधी एकेक आकडा हलवून बघा. शेवटची लांबी ४० ऐवजी ६० केली तर सायकली ४ लाख २५ हजार होतात. म्हणजे दीडपट लांबीने आयुष्य अठरा टक्केच वाढलं. कारण उघड आहे: १० मिमीला १ मिमी वाढायला सुमारे ३६,००० सायकली लागतात, ४० मिमीला जेमतेम ४,५००. आयुष्य सगळं तडा लहान असतानाच जातं. आता सुरुवात १० ऐवजी २० करा, म्हणजे रंगाखाली १० मिमी लपले होते असं समजा. १ लाख ४९ हजार सायकली, ४१३ दिवस. सुरुवात १० ठेवून पल्ला ९० केला तर १ लाख ६ हजार, म्हणजे पुरते दोन सीझनही नाहीत. दोन्ही एकदम धरले तर ४४,०००. १२२ दिवस, एक सीझनसुद्धा निघत नाही.

तोच गर्डर, तोच तडा, तेच सूत्र. साडेसहा सीझन किंवा एकही नाही. मधलं अंतर पुसायचा मार्ग म्हणजे रंग काढून नीट मोजणं आणि गेज लावणं. महागडं सॉफ्टवेअर या कामी येत नाही.

किरकोळ हेलकाव्यांबद्दल एक गोष्ट. वेल्ड केलेल्या रचनेत ताण-तीव्रतेचा पल्ला (न्यूटन आणि मिलिमीटर एककांत) ६३ च्या खाली असेल तर तडा वाढत नाही असं धरतात. १० मिमी तड्याला ही मर्यादा १० मेगापास्कलला येते, ४० मिमीला ५ मेगापास्कलला. म्हणजे ग्रॅबचे जे झोके आज मोजायची गरज नाही, ते तडा मोठा झाल्यावर हिशेबात येतात. लॉगरमध्ये ते आधीच गाळून टाकू नका.

उत्तर कसं द्यायचं

"साडेसहा सीझन" असं लिहून देऊ नका. कुणीतरी तो कागद फाइलला लावेल आणि सहा वर्षं गर्डरकडे बघणार नाही. रिपोर्टमध्ये दोन टोकं लिहा, ती कोणत्या आकड्यांवर आली ते लिहा, आणि पुढची तपासणी कधी हे लिहा. तपासणीची मुदत नेहमी वाईट टोकावरून काढायची आणि त्याचाही जास्तीत जास्त तिसरा हिस्सा घ्यायचा, म्हणजे एक तपासणी हुकली तरी दुसरी मिळते. आपल्या उदाहरणात गेज लावलेला नसेल तर १२२ भागिले तीन, म्हणजे चाळीस दिवसांत एकदा. मी पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बघायला लावीन. सुरुवातीला एक-दोन मोजमापं मिळाली की हिशेब बरोबर आहे की नाही ते तडाच सांगतो. हिशेबाप्रमाणे १० मिमीचा तडा पहिल्या महिन्यात एक मिमीहूनही कमी वाढायला हवा. आठवड्यात दोन मिमी वाढला तर सगळे आकडे बाजूला ठेवा आणि क्रेन थांबवा.

दरम्यान स्वस्तात दोन गोष्टी होतात. एक, ग्रॅबचा भार कमी करणं. पल्ला एक पंचमांशाने उतरवला तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं, कारण इथेही घनच काम करतो. ऑपरेटरला सांगून भागत नाही, लोड लिमिट स्विच खाली लावून घ्या. दुसरं, तड्याच्या टोकाशी भोक पाडणं. भोकात टोक खरंच आलं पाहिजे, नाहीतर तडा शेजारून निघून जातो. ड्रिल केल्यावर भोकाच्या भिंतीवर परत डीपी करा आणि कडा घासून गुळगुळीत करा. गॅस कटरने पाडलेलं भोक नसलेलं बरं. या उपायाने सीझन निभावतो, दुरुस्ती होत नाही. वरून पट्टी ठेवून चारी बाजूंनी वेल्ड करणं तर नकोच. तिच्या टोकांशी ब्रॅकेटसारखेच चार नवे टोप तयार होतात.

ऑफ सीझनमध्ये ब्रॅकेट काढा, तडा पूर्ण खणून काढून रीतसर वेल्ड करा आणि कड घासून सपाट करा, किंवा फ्लँजचा तेवढा भाग बदला. केबल क्लॅम्पवर घ्या. मग त्या गर्डरवरचे आणि शेजारच्या गर्डरवरचे असले सगळे ब्रॅकेट शोधा, कारण ज्याने एक लावला त्याने बाकीचेही लावले असतील.

फ्लँज कापून काढलात तर तो तुकडा भंगारात टाकू नका. कटरची ज्योत तड्यापासून लांब ठेवायला सांगा. तडा उघडल्यावर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसवून बघायचा मोह होतो, तो टाळा. त्याने वरच्या खुणा घासल्या जातात. हलकं तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. क्रेन बंद असलेल्या महिन्यांत तड्याच्या आत गंज धरतो आणि कित्येकदा प्रत्येक ऑफ सीझनची एक रेघ त्या पृष्ठभागावर उमटलेली असते. दोन रेघांमधलं अंतर मोजा आणि तुमच्या सूत्राने त्याच सीझनला किती वाढ दिली असती ते काढा. खरी वाढ दुप्पट निघाली तर पल्ला तुम्ही धरला त्याहून सुमारे २६ टक्क्यांनी जास्त होता. तेवढा वाढवून बाकीच्या गर्डरचा हिशेब परत मांडायला घ्या, पुढचं गाळप सुरू व्हायच्या आत.